जीपीएसवाला डॅशकॅम: चलान, नाकाबंदी आणि ट्रॅफिक पोलीस या बाजूने केलेला रिव्ह्यू

डॅशकॅमचे, म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेला लावून रस्ता रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्याचे, रिव्ह्यू वाचायला घेतले तर निम्मे लोक फोर-के की टू-के, म्हणजे चित्र किती बारकाईने दिसतं, यावरच भांडतायत, रात्री पुढच्या गाडीचा नंबर वाचता येतो का, ॲप कसंय वगैरे. मला ते सगळं नंतरचं वाटतं. मुंबईत रोज गाडी चालवणाऱ्याने डॅशकॅम घ्यायचं खरं कारण एकच, व्हिडिओच्या खालच्या कोपऱ्यात जो स्पीड, तारीख आणि वेळ छापून येते ना, ते. म्हणजे जीपीएस. तो नसेल तर कितीही भारी कॅमेरा लावा, ओव्हरस्पीडचं चलान आलं की तुमच्याकडे एक स्वच्छ व्हिडिओ असेल आणि त्यातून सिद्ध काहीच होणार नाही. म्हणून हा रिव्ह्यू त्याच बाजूने लिहितेय, पिक्चर क्वालिटीवाले रिव्ह्यू भरपूर आहेत.

कंपनीचं नाव देत नाही कारण अगदी हीच बॉडी मी दोन-तीन वेगळ्या नावांनी विकायला बघितलीय, तुम्ही फीचर बघून घ्या. माझा टू-के वाला आहे, जीपीएस मॉड्यूल धरून सात हजारांच्या आसपास पडला, मेमरी कार्ड वेगळं. आत बॅटरीच्या जागी सुपरकपॅसिटर आहे आणि हे नक्की विचारून घ्या, कारण मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीची काच किती तापते ते आपल्याला माहितीय, लिथियम बॅटरीवाले कॅमेरे त्यात फुगतात.

आता स्पीडचं बोलू. माझा रोजचा रस्ता म्हणजे बोरिवलीहून हायवे पकडून सी लिंक आणि वरळी, काम असेल तर पुढे कोस्टल रोडने मरीन ड्राइव्ह. या एवढ्या रस्त्यात लिमिट किती वेळा बदलतं बघा, सी लिंकला 80, कोस्टल रोडला सरळ पट्ट्यात 80, बोगद्यात 60, चढायच्या-उतरायच्या रॅम्पला 40. अटल सेतूवर गेलात तर कारला 100. जुलै 2019 नंतर बनलेल्या गाड्यांमध्ये स्पीड अलर्ट कंपल्सरी आहे पण तो पहिला बीप देतो 80 ला आणि 120 नंतर सतत वाजतो, म्हणजे बोगद्यात तुम्ही 75 ने चाललात तर गाडी गप्प बसणार आणि लिमिट मात्र 15 ने ओलांडलेलं असणार. कारला ओव्हरस्पीडचा दंड 2000 रुपये आहे, महिन्याला अशी दोन चलानं आली तरी घरच्या बजेटला झळ बसते.

कोणी म्हणेल गूगल मॅप स्पीड दाखवतो की. दाखवतो, मीही लावते. पण मॅपवर दिसलेला स्पीड दोन आठवड्यांनी तुम्हाला कोण देणार? डॅशकॅममध्ये तो व्हिडिओवर छापलेला राहतो. आणि अजून एक गोष्ट हा कॅमेरा लावल्यावर कळली, गाडीचा काटा खऱ्या स्पीडपेक्षा थोडा जास्तच दाखवतो, माझ्या गाडीत काट्यावर 80 असताना जीपीएस 76-77 दाखवतं. कंपन्या मीटर मुद्दाम थोडा पुढे ठेवतात, कमी दाखवलेला चालत नाही म्हणून. तेव्हा चलानावर 85 आणि तुम्हाला काट्यावर 80 आठवत असेल तर "मीटर थोडं इकडेतिकडे असतं" हे आर्ग्युमेंट चालत नाही हे लक्षात ठेवा, खरा स्पीड 85 असता तर माझ्या गाडीच्या काट्यावर 88-89 दिसला असता.

बोगद्याची गोष्ट मात्र वेगळी. कोस्टल रोडच्या बोगद्यात शिरल्यावर सॅटेलाइट तुटतं आणि स्पीडचा आकडा एकतर गोठतो नाहीतर गायब होतो. सगळ्याच जीपीएसवाल्या कॅमेऱ्यांचं हे होणार, तिथे वर समुद्र आणि मलबार हिलचा खडक आहे, सिग्नल येणार कुठून. पण घड्याळ चालू राहतं ना. बोगदा साधारण दोन किलोमीटरचा आहे, 60 ने गेलं तर बरोबर दोन मिनिटं लागतात. व्हिडिओत आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ बघा, दोन मिनिटांच्या आत बाहेर आला असाल तर तुमचा ॲव्हरेज 60 च्या वर होता, विषय संपला. घरच्यांना मी हेच सांगून ठेवलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुठल्याच रिव्ह्यूत मला मिळालं नाही. कार्ड केवढं घ्यायचं? दुकानदार 64 जीबीचं हातात देतो आणि म्हणतो आरामात चालेल. नाही चालत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 मध्ये 167 अ हा नियम आला, त्यात कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस 15 दिवसांच्या आत पाठवायची असं तेव्हा ठरलं, कॅमेऱ्याच्या आधी रस्त्यावर तसा बोर्ड हवा आणि त्या यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं हेही त्यातच आहे. प्रत्यक्षात मेसेज यायला दोन आठवडेही लागू शकतात. आणि डॅशकॅम लूपवर चालतो, कार्ड भरलं की सगळ्यात जुनं पुसून नवं लिहितो. टू-के ला 128 जीबीत साधारण पंधरा-अठरा तासांचं रेकॉर्डिंग बसतं, रोज जाऊन-येऊन तीन तास गाडीत जात असतील, आणि बोरिवलीकरांचे जातातच, तर पाच-सहा दिवसांत पुसलं गेलं. चलान येईल तेव्हा पुरावा शिल्लकच नाही! कमीत कमी 256 चं हाय-एन्ड्युरन्स, म्हणजे सतत लिहिणं-पुसणं झेपणारं, कार्ड घ्या, आणि तरी पुरत नसेल तर रिझोल्यूशन एक पायरी खाली आणा. चलानासाठी फोर-के ची गरज नाही, स्पीड आणि वेळ वाचता आली म्हणजे झालं.

हे सगळं प्रत्यक्षात कामाला येतं का? आमच्या सोसायटीतल्या एका काकांना आलं. त्यांच्या नंबरचं चलान आलं दुसऱ्या शहरातल्या रस्त्याचं, फोटोत गाडी अगदी तशीच, रंगही तोच पांढरा, आणि काका म्हणतात मी तर त्या दिवशी ठाण्याला लग्नाला होतो. कोणीतरी त्यांचा नंबर स्वतःच्या गाडीला लावून फिरत होता. त्यांच्याकडे माझ्यासारखाच कॅमेरा होता, त्या वेळेचा क्लिप काढला, ईस्टर्न एक्सप्रेस हायवे, मुलुंड टोलनाका पुढे दिसतोय, खाली तारीख-वेळ आणि जीपीएसचं लोकेशन. ऑनलाइन तक्रार टाकली, सोबत त्याचे फोटो आणि स्वतःच्या गाडीचे चारी बाजूंचे फोटो जोडले, पोलीस स्टेशनला डुप्लिकेट नंबरप्लेटची लेखी तक्रार दिली. वेळ लागला पण चलान रद्द झालं. काकांचं वय सत्तरच्या पुढे, नाहीतर मी ठाण्यालाच होतो हे ते कोणाला आणि कसं पटवणार होते?

आणि उलटंही होतं. भाच्याने माझी गाडी नेली होती तेव्हाचं सी लिंकचं चलान आलं तेव्हा तो तावातावाने माझ्याकडे आला, आत्या हे लुटतायत, मी 80 च्या वर नव्हतोच. म्हटलं बस, कार्ड काढ. व्हिडिओ लावला तर 93. गाडी माझीच होती त्यामुळे कॅमेऱ्यावर शंका घ्यायलाही जागा नव्हती, गप्प बसून त्याच दिवशी ऑनलाइन भरलं त्याने. मला हे आवडलं, खरंच. चलान चुकीचं असेल तर लढायचं आणि बरोबर असेल तर भरून मोकळं व्हायचं, पण कुठलं काय आहे ते आधी कळायला तर पाहिजे.

रस्त्यात थांबवल्यावर काय, यावर लोक जास्त विचारतात. एकदा संध्याकाळी एका जंक्शनला हवालदारांनी हात केला. "मॅडम, गाडी साइडला घ्या. सिग्नल तोडलाय तुम्ही." मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद, काच पूर्ण खाली. म्हटलं, "साहेब, पिवळा लागला तेव्हा मी लाइनच्या पुढे आले होते. गाडीत कॅमेरा आहे, बघता का?" ते बघतो म्हणाले, आणि इथे या प्रॉडक्टची सगळ्यात मोठी कमजोरी दिसली. कॅमेऱ्याचं वायफाय फोनला जोडायचं तर आधी मोबाइल डेटा बंद करा, मग ॲप उघडा, मग ते लोडिंग लोडिंग फिरतंय, मागे बेस्टची बस हॉर्न मारतेय, हवालदार घड्याळ बघतायत. शेवटी क्लिप लागला, त्यांनी फोन हातात घेऊन सावलीत धरून दोनदा बघितला आणि म्हणाले, "बरोबर आहे, जा. पण लाइनजवळ आल्यावर जरा हळू घेत चला." एवढंच. आवाज कोणाचाच चढला नाही.

माझं स्पष्ट मत आहे की कॅमेरा आहे म्हणून पोलिसांच्या तोंडासमोर नाचवायचा नाही. "रेकॉर्डिंग चालू आहे हां" असं पहिल्याच वाक्याला म्हटलं की समोरचा माणूस बिथरणारच, दिवसभर धुरात आणि उन्हात उभा असतो तो. आधी नमस्कार, मग कागद, मग आपली बाजू. वर्दीतल्या पोलिसाने लायसन्स मागितलं तर दाखवावंच लागतं, कलम 130 आहे त्याचं, त्यात हुज्जत घालू नका. कागद डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधले चालतात, 2018 मध्ये नियम 139 बदलून तसं केलंय, पण नेट नसलं की ॲप उघडत नाही म्हणून डिजिलॉकरमधून लायसन्स आणि आरसी आधीच डाउनलोड करून ठेवा. इन्शुरन्स आणि पीयूसीची तारीख स्वतः बघत जा. दंड भरायचाच असेल तर मशीनवर चलान बनवायला सांगा, कॅशची भानगड नको, चलान बनलं की मेसेज येतो आणि पुढे तक्रार करायचा हक्क तुमच्याकडे राहतो. आणि 2025 च्या जुलैमध्ये राज्याच्या वाहतूक विभागाने परिपत्रक काढलंय की पोलिसांनी चलानाचे फोटो स्वतःच्या खासगी मोबाइलवर काढायचे नाहीत, ई-चलानच्या मशीनवरच काढायचे. हे माहीत असू द्या, नम्रपणे सांगता येतं.

व्हिडिओ ग्रुपवर टाकणारे असतात त्यांच्यासाठी एक. असला क्लिप व्हॉट्सॲपवर फिरवलात की तो कॉम्प्रेस होतो आणि पुरावा म्हणून त्याची किंमत जाते. मूळ फाइल कार्डावरून कॉपी करा, कट करू नका, नाव बदलू नका, ते कार्ड काढून बाजूला ठेवा. प्रकरण कोर्टात गेलंच तर 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, वकिलाला आधीच विचारा. आणि डॅशकॅमचा जीपीएस म्हणजे पोलिसांच्या स्पीडगनसारखं सर्टिफाइड यंत्र नाही, तक्रारीत तो आधार म्हणून चालतो, त्यावर कोर्टाचा निकाल लिहून मिळेल असं समजू नका.

चलान आल्याचा मेसेज आला आणि त्यात एपीके फाइल (फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) किंवा भलतीच लिंक असेल तर हात लावू नका, सध्या यात खूप जणांचे अकाउंट साफ झालेत. अधिकृत महाट्रॅफिकच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चॅसी नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की खरं काय ते दिसतं, फोटोसकट.

फिटिंगबद्दल थोडं. वायर काचेच्या बाजूच्या खांबातून खाली आणतात, त्या खांबात बऱ्याच गाड्यांना कर्टन एअरबॅग असते, वायर तिच्या मागून गेली पाहिजे, पुढून नाही, नाहीतर एअरबॅग उघडताना अडकेल. फिटिंगवाला घाईत असतो, समोर उभं राहून करून घ्या. मेन वायर कापून जोड मारू देऊ नका, फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजबॉक्समध्ये खोचायचा जोड, वापरायला सांगा, वॉरंटीचा प्रश्न येतो. कॅमेरा आरशाच्या मागे, वायपर फिरतो त्या भागातच लावा, पावसाळ्यात त्याशिवाय काही दिसत नाही. आतल्या आवाजाचं रेकॉर्डिंग मी बंद ठेवलंय, गाडीत ऑफिसची माणसं असतात, त्यांचं बोलणं कशाला साठवायचं.

रात्री पुढच्या गाडीचा नंबर दहा फुटांच्या पलीकडे नीट येत नाही, कॅमेरा काचेला चिकटवलेली डबल टेप पहिल्या उन्हाळ्यात सुटली आणि बदलावी लागली, ॲपचं वर सांगितलंच. पाचपैकी चार देते, एक पूर्ण त्या ॲपचा कापला, कारण रस्त्यात उभं असताना एका मिनिटात क्लिप दाखवता आला पाहिजे.

ज्यांची गाडी फक्त रविवारी बाहेर निघते त्यांनी सात हजार घालवू नयेत. टुरिस्ट टॅक्सीवाले, रोज हायवेने जाणारे, घरात एक गाडी तिघं चालवतात असे, यांनी घ्याच. आणि लावला की पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये टाइमझोन बघा, माझा बॉक्समधून निघाला तेव्हा चीनच्या वेळेवर होता, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्या वेळेचा व्हिडिओ तक्रारीला जोडला असता तर पहिल्याच नजरेत बाद झाला असता.