सात महिने एफटॅम रिस्पॉन्डर चालवल्यावर

टेलिफोन एक्स्चेंजच्या बिलिंग फाइली घ्यायला आमच्या सर्व्हरवर एफटॅमचा, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर फाइली पाठवायच्या प्रोटोकॉलचा, रिस्पॉन्डर बसवला त्याला आता सात महिने झाले. एक्स्चेंज इनिशिएटर, म्हणजे कनेक्शन तेच सुरू करतं, फाइल तेच पाठवतं, आपण रिस्पॉन्डर म्हणून ऐकत बसायचं. एफटॅमचं आयएसओ ८५७१ हे १९८८ चं स्टँडर्ड, एवढं जुनं कशाला असं बरेच जण विचारतात, पण समोरच्या मशीनला दुसरं काही येतच नाही, आणि एकदा बसलं की खरंच मुकाट चालतं हो.

पहिला आठवडा मात्र फार वाईट गेला. नेटवर्कचे खालून वर ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन असे लेयर, प्रत्येक लेयरचा आपला एक सिलेक्टर, म्हणजे त्या लेयरवरचा पत्ता. समोरच्यांनी टी-सिलेक्टर, म्हणजे ट्रान्सपोर्टचा, ०००१ म्हणून कळवला, मी तसाच टाइप केला आणि कनेक्शन लागायचं की लगेच तुटायचं. आरएफसी १००६ या इंटरनेट स्टँडर्डप्रमाणे हे सगळं टीसीपीच्या १०२ पोर्टवरून जातं, पोर्ट उघडा दिसला की वाटतं खालचं सगळं ठीक आहे, म्हणून मी युजर, पासवर्ड, फोल्डरची परमिशन हेच परत परत बघत बसलो. शेवटी नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारं वायरशार्क लावलं. सीआर (कनेक्शनची मागणी) पॅकेट येतंय आणि आपल्याकडून सीसी (होकार) जायच्या ऐवजी डीआर (नकार) जातंय, कारण ३, पत्ता ओळखीचा नाही. सीआर उघडून बघितलं तर सी२ च्या, म्हणजे आपल्याकडच्या टी-सिलेक्टरच्या खुणेच्या, पुढे लांबी ०२ आणि मग ०० ०१, दोनच बाइट! आमच्या सॉफ्टवेअरने माझं ०००१ अक्षरं म्हणून धरलेलं, ३० ३० ३० ३१, चार बाइट. हेक्सचा, म्हणजे सरळ बाइटचे आकडे लिहायचा, पर्याय निवडून परत टाकलं, लगेच सीसी गेलं. तेव्हा तिन्ही सिलेक्टर हेक्समध्ये आणि किती बाइटचे ते लेखी मागून घ्या, आणि तपासताना खालच्या लेयरपासून वर या.

डॉक्युमेंट टाइपचंही, म्हणजे फाइल कुठल्या प्रकारची त्याचंही, बघा. टेस्टची फाइल टेक्स्ट होती, टेक्स्टच्या एफटॅम-१ वर आरामात आली, खरी बिलिंगची बायनरी आली तर घेईचना कारण बायनरीचा एफटॅम-३ चालूच केलेला नव्हता.

चौथ्या महिन्यात लिंक मधेच पडली आणि मोठी फाइल पहिल्यापासून परत आली. रिकव्हरी दोन्हीकडे चालू केली, आता शेवटच्या चेकपॉइंटपासून पुढे जाते, हे मला या प्रोटोकॉलमधलं सगळ्यात आवडलेलं.

न आवडलेलं म्हणजे पासवर्ड उघडाच जातो, त्यामुळे बंद नेटवर्कबाहेर हे अजिबात काढू नका. लॉगही अगदी त्रोटक, नुसतं असोसिएशन (एफटॅमचं कनेक्शन) रिजेक्ट लिहितो, कुठल्या लेयरने नाकारलं ते सांगत नाही.

म्हणूनच पहिल्यांदा नीट चाललं त्या दिवसाचं वायरशार्कमधलं कॅप्चर जपून ठेवलंय. मागच्या महिन्यात समोर अपग्रेड झालं आणि फाइली बंद पडल्या, जुनं कॅप्चर शेजारी लावून बघितलं तर एस-सिलेक्टर, म्हणजे सेशनचा, बदललेला, दहा मिनिटांत सापडला.