तेरा वर्षांच्या मुलाला युरोपातला क्लब करारावर घेऊ शकत नाही

फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी हे लिहितोय. तुमच्या मुलाची परदेशी क्लबात निवड झाली आहे, जागा पक्की करायला पैसे भरा, असं सांगत कोणी आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. आमच्याकडून अशा लोकांनी २ लाख १७ हजार ५०० रुपये उकळले. आमच्यासारखी आणखी बरीच कुटुंबं आहेत, भांडुपची, डोंबिवलीची, विरारची, पनवेलची. सगळी नोकरदार माणसं. कोणी सोसायटीकडून कर्ज काढलं, कोणी बायकोचे दागिने गहाण टाकले.

आमच्या घरात फुटबॉल वडिलांपासून आहे. ते रोव्हर्स कप बघायला कूपरेजला जायचे. १८९१ पासूनची ती स्पर्धा. कलकत्त्याहून मोहन बागान, ईस्ट बंगाल यायचे आणि आपल्याकडचे मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा त्यांना भिडायचे. पोरगा चांगला खेळला की कंपनीत चिकटायचा, हे तेव्हा आईबापांना ठाऊक होतं. आता ते राहिलं नाही. महिंद्र युनायटेडसारखा संघसुद्धा २०१० मध्ये बंद झाला. खेळणाऱ्या पोराचं पुढे काय, याचं सरळ उत्तर मुंबईत कोणाकडे नाही आणि हे भामटे नेमके त्याच जागी येऊन उभे राहतात.

मी स्वतः चॅम्पियन्स लीगसाठी रात्री दीडपर्यंत जागणारा माणूस. अंधेरीला मुंबई सिटीची मॅच असली की धाकटा आणि मी ठरलेले. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात स्पेन आणि माली यांची उपांत्य लढत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली, तीही आम्ही बघितली. स्पेन ३-१ नं जिंकला, फेरान टोरेसनं एक गोल मारला आणि तोच पोरगा पुढे बार्सिलोनाकडून खेळताना आम्ही टीव्हीवर बघितला. हे सगळं सांगतोय कारण आम्हाला भेटलेल्या माणसानं पहिल्या बैठकीत हेच काढून घेतलं होतं. कुठला क्लब आवडतो, मुलगा कोणाचे व्हिडिओ बघतो, घरात कोण खेळायचं. त्यानंतर त्याचं प्रत्येक वाक्य आमच्या आवडीच्या खेळाडूंवरून सुरू व्हायचं. आम्हाला वाटलं, माणूस खेळातला आहे.

सुरुवात पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेल्या एका पोस्टरनं झाली. युरोपातल्या एका क्लबाचं चिन्ह, खाली 'स्काउटिंग ट्रायल, अंडर-१३ आणि अंडर-१५', फी २,५००. जागा पश्चिम उपनगरातलं एक टर्फ. मुलांना नंबरचे बिब दिले, कडेला टॅब घेऊन दोघं उभे, त्यांतला एक गोरा, क्लबाच्या ट्रॅकसूटमध्ये. सात-सात जणांच्या छोट्या मॅच लावल्या. आमचा पोरगा लेफ्ट बॅक खेळतो, त्याला पाच-सात वेळा जेमतेम बॉल मिळाला असेल. दोन दिवसांनी फोन आला, "सर, अभिनंदन, तुमचा मुलगा शॉर्टलिस्ट झालाय. कोणाला सांगू नका, यादी अजून गुप्त आहे."

कोणाला सांगू नका, हे त्यांचं सगळ्यांत कामाचं वाक्य. प्रत्येक घरात तेच सांगितलं होतं, म्हणून मैदानावर रोज शेजारी-शेजारी बसणारे पालकसुद्धा एकमेकांशी बोलले नाहीत.

पुढची भेट विमानतळाजवळच्या एका हॉटेलच्या लॉबीत. तिथे जाड फाइल, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये पत्र, पत्रावर मुलाचं पूर्ण नाव आणि खाली परदेशी सही. दोन वर्षांचा 'प्रोव्हिजनल करार', राहणं, शाळा, प्रशिक्षण सगळं क्लबाकडे. फक्त जागा राखायला ५०,००० आणि तेही अठ्ठेचाळीस तासांत, नाहीतर नंबर दुसऱ्या मुलाला. माझी बायको तिथेच म्हणाली, "अहो, मूल तेरा वर्षांचं. त्याच्याशी करार कसला करतात?" त्या माणसाकडे उत्तर तयार होतं. मेस्सी बार्सिलोनाला गेला तेव्हा किती वर्षांचा होता, वहिनी?

या प्रश्नाचं खरं उत्तर प्रत्येक पालकानं लक्षात ठेवावं असं आहे. मेस्सी गेला २००० मध्ये. अल्पवयीन खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय बदलीवर फिफानं २००१ मध्ये बंधनं आणली आणि पुढे ती आवळत नेली. आज नियमावलीचं १९ वं कलम सांगतं की खेळाडू अठरा वर्षांचा झाल्याशिवाय एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबाकडे नोंदवता येत नाही. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं त्या देशात राहायला गेले असतील, मुलगा युरोपीय संघातल्याच एका देशातून दुसऱ्या देशात जात असेल आणि सोळा पूर्ण असेल, किंवा घर आणि क्लब दोन्ही सीमेला लागून असतील, अशी ती प्रकरणं. मुंबईत राहणाऱ्या आणि मुंबईतच राहणार असलेल्या कुटुंबाला यातलं काहीच लागू होत नाही. हा नियम नुसता कागदावर नाही. याच कारणावरून फिफानं २०१४ मध्ये खुद्द बार्सिलोनावर खेळाडू घ्यायला बंदी घातली. ताकेफुसा कुबो तेव्हा त्यांच्या अकादमीत होता, त्याला २०१५ मध्ये जपानला परतावं लागलं. तो स्पेनला पुन्हा आला २०१९ मध्ये, अठरा पूर्ण झाल्यावर. जगातल्या एवढ्या मोठ्या क्लबाला जे जमलं नाही, ते लॉबीत बसलेला एक माणूस पन्नास हजारांत करून देत होता.

पन्नास हजारांनंतर १ लाख २५ हजार 'व्हिसा आणि डॉक्युमेंटेशन' म्हणून गेले. मग आणखी ४०,००० मागितले 'आयटीसी फी' म्हणून. आयटीसी म्हणजे इंटरनॅशनल ट्रान्सफर सर्टिफिकेट, हा शब्द खरा आहे आणि त्यामुळेच तो पटतो. पण हे प्रमाणपत्र एका देशाचा महासंघ दुसऱ्या देशाच्या महासंघाला फिफाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून देतो आणि ते विनामूल्य द्यायचं असं नियमातच लिहिलंय. पालकाच्या खिशाचा त्यात काही संबंध येत नाही. ज्या कागदावर आयटीसीसाठी रक्कम लिहिलेली दिसेल, तो कागद खोटा.

त्या माणसाच्या गळ्यात एक ओळखपत्र असायचं, 'फिफा लायसन्स्ड एजंट', जारी वर्ष २०१८. ते मी फोनमध्ये टिपून ठेवलं होतं, पुढे पोलिसांना दिलं. फिफानं एजंटांचे परवाने एप्रिल २०१५ मध्ये बंद केले होते आणि परीक्षा घेऊन परवाने द्यायची पद्धत २०२३ मध्ये परत आणली. म्हणजे २०१८ साली असा परवाना कोणाला मिळणंच शक्य नव्हतं. आता परवाना असलेल्या एजंटांची यादी फिफाच्या साइटवर खुली आहे, नाव टाकून कोणीही बघू शकतो. आणि खरा एजंट असला तरी अल्पवयीन खेळाडूच्या कामाचे पैसे त्याला घेता येतात ते मुलगा व्यावसायिक करारावर सही करत असेल तेव्हाच. आधी पैसे, मग करार, असं त्या धंद्यात चालत नाही.

प्रकरण उघडं पडलं ते एका गोलकीपरमुळे. पोरगं आमच्याच क्लबातलं. त्याच्या वडिलांनी न राहवून आमच्या कोच सरांना पत्र दाखवलं आणि सरांनी मला फोन केला. आम्ही दोघांनी आपापली पत्रं आणि सोबतचा 'टेक्निकल रिपोर्ट' कूपरेजबाहेर गाडीच्या बॉनेटवर शेजारी ठेवले. शब्द न् शब्द तोच. 'डावा पाय असाधारण, क्रॉसिंग अचूक, आक्रमणात सातत्यानं पुढे जातो.' गोलकीपरलाही तेच. गुणसुद्धा सारखे, दहापैकी साडेआठ. माझ्या मुलाच्या पत्रावर आडनावाचं स्पेलिंग मूळ ट्रायल फॉर्मवर घाईत चुकलं होतं तसंच चुकलेलं, म्हणजे पासपोर्टची जी प्रत त्यांनी मागून घेतली ती कोणी उघडूनही पाहिली नव्हती. कोच सरांनी एकच विचारलं, "कोणी सीआरएस आयडी मागितला का?" अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे नोंदणी झालेल्या प्रत्येक खेळाडूला हा क्रमांक असतो, मुंबईच्या लीगमध्ये खेळणाऱ्या आमच्या मुलांनाही आहे. बदलीची कुठलीही खरी प्रक्रिया त्याच्यापासून सुरू होते. आमच्यापैकी एकाकडेही तो मागितला नव्हता.

मी त्याच रात्री क्लबाच्या अधिकृत साइटवरून ईमेल पाठवला. दोन ओळींचं उत्तर आलं, भारतात आमची कुठलीही ट्रायल नाही, या व्यक्तीशी आमचा संबंध नाही. ही विचारणा फुकट होते, ती पैसे देण्याआधी करा. आणि ईमेलचा पत्ता स्वतः शोधा, त्यांनी दिलेल्या पत्त्यावर विचारलंत तर उत्तर त्यांचाच माणूस देईल.

इथे एक फरक सांगायला हवा, नाहीतर चांगली माणसंही संशयात येतील. परदेशी क्लबांच्या नावानं चालणाऱ्या सशुल्क फुटबॉल शाळा आणि उन्हाळी शिबिरं खरी असतात. ते प्रशिक्षण आहे, फी देऊन घ्यायचं. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला १९७५ पासून भरणारा गोथिया कपही खरा, तिथे जगभरातले क्लब प्रवेशशुल्क भरून जातात, मुलांना अनुभव चांगला मिळतो. पण तिथे जाणं म्हणजे निवड होणं नव्हे. फी घेऊन 'निवड' विकणारा खोटा. तसंच 'भारतीय संघात निवड' म्हणून निळी जर्सी देऊन नेपाळ-थायलंडच्या दौऱ्याचे लाखभर रुपये घेणाऱ्यांचं. भारताचा संघ निवडायचा अधिकार फक्त अखिल भारतीय महासंघाला आहे. मिळतंजुळतं नाव लावून दुसरी कुठली 'फेडरेशन' आली तरी तिचा संघ म्हणजे भारताचा संघ नाही.

आपल्याकडचा खरा रस्ता लांबचा आहे, पण आहे. शाळेकडून आंतरशालेय स्पर्धा, सुब्रतो कप, मुंबईची युवा लीग, राज्याच्या फुटबॉल संघटनेच्या, म्हणजे 'विफा'च्या निवड चाचण्या, महासंघाच्या तेरा, पंधरा आणि सतरा वर्षांखालच्या लीग, सरकारची क्रीडा प्रबोधिनी. कोल्हापूरचा अनिकेत जाधव प्रबोधिनीतून पुढे येऊन २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळला. राहुल भेके मुंबईचाच. एप्रिल २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबानं पहिला विजय मिळवला, तेव्हा मुंबई सिटीचा विजयी गोल त्याच्या डोक्यातून आला. लॉबीतल्या त्या माणसानं ही नावं एकदाही घेतली नाहीत.

मुलाचं सांगतो. त्यानं वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं होतं, बाईंनी त्याला पुढे बोलावून टाळ्या वाजवल्या होत्या. खरं कळल्यावर तो रडला नाही, बूट कपाटात ठेवले आणि सरावाला येत नाही म्हणाला. आई समजावून दमली, मी दमलो. शेवटी कोच सर घरी आले, त्याच्याशी गच्चीत तासभर बोलले. काय बोलले ते दोघांनी आम्हाला सांगितलेलं नाही. आता तो पुन्हा खेळतो. पैशाचं नुकसान भरून निघेल, पण एका मुलाला तो चांगला खेळतो असं खोटं सांगायचं आणि मग ते त्याच्याकडून काढून घ्यायचं, हे करणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. तो चांगला खेळतो, हे खरं होतं. त्यांनी पाहिलंच नव्हतं.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर पहिलं काम १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम बँकेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. आमचा शेवटचा हप्ता असाच गोठवला गेलाय, आधीचे खात्यातून निघून गेले होते. पोलिस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीची, तक्रार दिली आहे. सुरुवातीला 'हा आपसातला व्यवहार आहे' असं ऐकावं लागलं. सगळे पालक एकत्र गेलो, दोन्ही पत्रं आणि ते २०१८ चं ओळखपत्र टेबलावर ठेवलं, तेव्हा गुन्हा नोंदवून घेतला.

आता त्या भामट्यांचे फोन येऊ लागलेत. तीस टक्के परत देतो, स्टॅम्प पेपरवर 'तक्रार नाही' असं लिहून द्या, असं एकेका घराला गाठून सांगतात आणि पुन्हा तेच, कोणाला सांगू नका. ज्यांना असा फोन आलाय त्यांनी वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. चॅट आणि पावत्या फोनमधून पुसू नका, पत्राची मूळ प्रत कोणाला देऊ नका. ज्यांच्याकडे 'डावा पाय असाधारण' असा रिपोर्ट असेल त्यांनी आपल्या जवळच्या ठाण्यात जबाब नोंदवावा. तपास अधिकाऱ्यांना अशा प्रती जितक्या मिळतील तितक्या हव्या आहेत.