‘फुल कॉपर’ म्हणून ॲल्युमिनियम: ग्राफिक्स कार्डाच्या वॉटर कूलिंगमध्ये मला कसं फसवलं

ग्राफिक्स कार्डाला कस्टम वॉटर कूलिंग करून घ्यायचं कुणाच्या मनात असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. नागपुरातल्या एका असेम्बलरने मला तांब्याचा रेडिएटर हातात देऊन दाखवला आणि माझ्या मशीनमध्ये बसवला ॲल्युमिनियमचा. दोन्ही काळ्या रंगाचे, दोन्ही ३६० मिलिमीटरचे. पंखे कसून कॅबिनेटच्या छताला लावल्यावर बाहेरून फरक कळायला काही मार्गच उरत नाही. एवढ्या एका अदलाबदलीपायी चिपवरचा ब्लॉक गेला, रेडिएटर गेला आणि कार्ड थोडक्यात वाचलं.

मी घरांचे आणि दुकानांचे थ्रीडी व्ह्यू करून देते. काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, रेंडर (मॉडेलवरून चित्र तयार होणं) रात्रभर चालतात, आणि कार्ड आहे आरटीएक्स ३०८०. पूर्ण भारावर हे कार्ड ३२० वॅटच्या आसपास वीज खातं आणि ती सगळी उष्णता होऊन खोलीत येते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना, खोलीत कूलर सुरू असूनही कार्डाचे पंखे रात्रभर किंचाळायचे. म्हणून वॉटर कूलिंग.

त्याचं तत्त्व सरळ आहे. चिपवर तांब्याचा ब्लॉक बसतो. ब्लॉकच्या आत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या बारीक फटी असतात आणि पंप त्यांतून पाणी फिरवतो. पाण्याने उचललेली उष्णता रेडिएटरमध्ये येते आणि तिथले पंखे ती हवेत सोडतात. म्हणजे उष्णता नाहीशी होत नाही, फक्त चिपपासून लांब, मोठ्या पृष्ठभागावर नेली जाते. म्हणूनच पाणी खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. "मॅडम, मे महिन्यातही चाळीसच्या वर जाणार नाही, लिहून देतो," असं तो पहिल्याच भेटीत म्हणाला. खोलीच ३४ अंशांवर असताना हे व्हायचं कसं, असं मी विचारलं, तेव्हा तो लगेच पंचावन्न-साठवर आला. हा आकडा रास्त होता. चांगल्या लूपमध्ये, म्हणजे ब्लॉक, पंप, नळ्या आणि रेडिएटर यांच्या चक्रात, पाणी खोलीपेक्षा दहाएक अंश वर राहतं आणि चिप पाण्यापेक्षा आणखी दहा-पंधरा अंश वर.

धातूचं तर मी स्पष्टच विचारलं होतं. त्याने शोकेसमधला रेडिएटर काढून माझ्या हातात दिला. वजनदार होता. पोर्टच्या, म्हणजे नळी जोडायच्या तोंडाच्या, आतली पितळेची पिवळी कडाही त्याने टॉर्च मारून दाखवली. मी व्हॉट्सॲपवर पुन्हा विचारलं, तेव्हा उत्तर आलं, "सगळं फुल कॉपर भाऊ, टेन्शन नका घेऊ." नागपुरात बाईलाही सवयीने ‘भाऊ’ म्हणतात, ते सोडून द्या. पण हा मेसेज पुढे फार कामाला आला. ब्लॉक, रेडिएटर, पंप, टाकी, नळ्या, फिटिंग, कूलंट आणि मजुरी मिळून ४८,००० रुपये झाले.

पहिले काही महिने सगळं ठीक होतं. चिप ५७-५८ वर आणि हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यांत तापलेली जागा, सत्तरच्या आसपास. मग आकडे हळूहळू चढू लागले. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मी दोन्ही आकडे बघत होते, कारण धोक्याची खूण त्या दोघांमधल्या अंतरात दिसते. चिप सत्तरीत आणि हॉटस्पॉट नव्वदीच्या पुढे जायला लागला. पंप पूर्ण वेगाने फिरत असूनही टाकीत पडणारी धार बारीक झाली होती. हिरवं कूलंट गढूळ दिसू लागलं. फोन केला की उत्तर ठरलेलं: "उन्हाळा आहे ना मॅडम." पण पावसाळ्यात खोली २७ अंशांवर आली तरी आकडा चढतच राहिला. तेव्हा ते कारणही संपलं.

मग एका रात्री कार्डाच्या बॅकप्लेटवर (मागच्या पत्र्यावर) ओलसर डाग दिसला. मशीन तिथेच बंद केली आणि प्लग काढला. कूलंट ‘नॉन-कंडक्टिव्ह’ आहे, म्हणजे वीज वाहून नेत नाही, गळलं तरी काही होत नाही, असं त्याने सांगितलं होतं. या शब्दावर कुणी विसंबू नका. बाटलीतून ओतताना द्रव कितीही शुद्ध असला तरी लूपमध्ये फिरताना धातूंचे आयन त्यात उतरतात आणि तो वीज वाहून नेऊ लागतो. गंज चढलेल्या लूपमध्ये तर फार लवकर.

मदरबोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका अनुभवी काकांनी ब्लॉक माझ्यासमोर उघडला. फटींमध्ये पांढरा, जेलीसारखा चिकट साका गच्च बसला होता. निकेलच्या मुलाम्याला जागोजागी फोड आले होते. मग त्यांनी रेडिएटरच्या कोपऱ्यावरचा काळा रंग ब्लेडने खरवडला. खालून तांब्याचा लाल रंग निघाला नाही, पितळेचा पिवळाही नाही. पांढरट चंदेरी धातू. एका नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं आणि गळती तिथूनच होती.

तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की काय होतं, हे शाळेत लिंबात तांब्याची तार आणि खिळा खोचून दिवा लावलेल्या कुणालाही समजेल. दोन धातू आणि मध्ये वाहक द्रव म्हणजे बॅटरीच. प्रमाणित विभवांच्या तक्त्यात तांबं +०.३४ व्होल्टवर आहे आणि ॲल्युमिनियम −१.६६ वर. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक कमी भरतो. तरी झिजायचं कुणी हे ठरलेलंच असतं: ॲल्युमिनियमने. दोन्ही भागांचा एकमेकांशी थेट विद्युत संपर्क नसला, तरी पाण्यात उतरलेलं तांबं ॲल्युमिनियमच्या भिंतीवर बसतं आणि जागच्या जागी खड्डे पाडतं. झिजलेल्या ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड होतं. तोच तो पांढरा साका, आणि लूपमधल्या सगळ्यांत अरुंद जागी, म्हणजे ब्लॉकच्या फटींत, तो जाऊन अडकतो.

ॲल्युमिनियम मुळात वाईट आहे असं नाही. स्लोव्हेनियाच्या ईके कंपनीने २०१७ मध्ये स्वस्त संच काढले होते, त्यांत रेडिएटरही ॲल्युमिनियमचा आणि ब्लॉकही. तांब्याच्या भागांबरोबर ते वापरू नका, असं कंपनीनेच बजावून सांगितलं होतं. दोष मिसळण्यात आहे आणि गुन्हा लपवण्यात.

सगळं घेऊन मी दुकानात गेले. आधी तो म्हणाला, काकांनीच काहीतरी बदललं असेल. फोटो दाखवल्यावर म्हणाला, वरून मालच तसा आला. शेवटी त्याने जे सांगितलं, ते तुम्हालाही ऐकावं लागेल म्हणून लिहिते: "कंपनीचे एआयओ बघा ना मॅडम, रेडिएटर ॲल्युमिनियमचा अन् प्लेट तांब्याची. चालतातच ना पाच-सहा वर्षं?" अर्धं खरं आहे हे, म्हणून फार घातक आहे. एआयओ म्हणजे ‘ऑल-इन-वन’, पंप, नळ्या आणि रेडिएटर जोडूनच मिळणारा तयार वॉटर कूलर. कारखान्यातून आलेला एआयओ सीलबंद असतो. आत हवा जवळजवळ नसते, आणि द्रवात दोन्ही धातूंसाठी गंजरोधक रसायनं मोजून घातलेली असतात. कस्टम लूप उघडता येतो, टाकीत हवा असते आणि वरून पाणी भरलं जातं. एआयओचा हिशोब इथे लावायचाच नाही.

आणि पाणी तरी कसलं? लूपमध्ये अधूनमधून भरायला त्याने ‘डिस्टिल्ड वॉटर’ची बाटली दिली होती, तिचे वेगळे पैसे घेऊन. घरच्या आरओची सर्व्हिस करायला आलेल्या मुलाकडे टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, होतं. उरलेलं पाणी त्यात तपासलं. डिस्टिल्ड पाण्याचा आकडा शून्याच्या जवळ हवा. हा तीनशेच्या वर गेला. म्हणजे नळाचं पाणी, आमच्या कूलरच्या जाळीवर पांढरे क्षार चढवतं तेच. रंगीत कूलंटमध्ये रसायनं असतात, त्यामुळे त्याचा टीडीएस जास्त येणं साहजिक आहे, त्यावरून काही सिद्ध होत नाही. साध्या डिस्टिल्ड पाण्याला मात्र ही सबब नाही.

सगळ्यांत संताप आला तो वेगळ्याच गोष्टीचा. कार्डावरून काढलेला कंपनीचा मूळ कूलर, बॅकप्लेट आणि स्क्रू त्याने परतच दिले नाहीत. "भंगारात गेलं." तो कूलर नसला की वॉरंटीवर दावा करता येत नाही, कार्ड विकायला काढलं तर कुणी धड भाव देत नाही, आणि लूप बिघडला तर कार्ड पुन्हा हवेवर चालवताही येत नाही. माझी कामं अडली ती यामुळे. कूलर काढणार असेल, तर तुमच्या डोळ्यांसमोर काढायला लावा आणि त्याच वेळी सगळे भाग पिशवीत घालून घरी न्या.

बिलावर फक्त "वॉटर कूलिंग किट, १ नग" एवढंच लिहिलेलं होतं. व्हॉट्सॲपचा तो मेसेज, कार्डाचे फोटो आणि खरवडलेला रेडिएटर, हाच माझा पुरावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. नंतर जिल्हा ग्राहक आयोगात गेले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. नोटीस पोचल्यावर त्याने रेडिएटरचे आणि मजुरीचे पैसे परत केले. ब्लॉकचे आणि मूळ कूलरचे द्यायला अजून तयार नाही. ती तक्रार मी मागे घेतलेली नाही, घेणारही नाही.

करून घेणारच असाल, तर सुटे भाग स्वतःच्या नावावर, मॉडेल नंबरासह वेगवेगळे बिल करून घ्या. बिलावर रेडिएटरचा धातू लिहायला लावा. दाखवलेल्या रेडिएटरवर मार्करने सही करा, आणि पंखे लागण्याआधी तोच बसतोय का ते बघा. वजनाचा अंदाजही उपयोगी पडतो: तांब्याची घनता ८.९६, ॲल्युमिनियमची २.७, त्यामुळे एकाच मापाचे दोन रेडिएटर दोन हातांत धरले की कळतं. फक्त पोर्ट बघून विश्वास ठेवू नका, कारण ॲल्युमिनियमच्या टाकीलाही पितळेचं पोर्ट बसवलेलं मी नंतर पाहिलं. हो म्हणण्याआधी दुकानदाराला एवढंच सांगा की आतल्या कडेला रंग खरवडून बघणार आहे. ज्याचा माल खरा आहे तो नाही म्हणत नाही.

आणि कुणाकडे असा लूप आत्ताच चालू असेल, तर आज एक रेंडर लावून चिप आणि हॉटस्पॉट यांतलं अंतर लिहून ठेवा. महिनाभराने त्याच खोलीत, त्याच कामावर पुन्हा बघा. अंतर वाढलं असेल किंवा टाकीतलं पाणी गढूळ झालं असेल, तर गळायची वाट बघू नका. मशीन बंद करून लूप रिकामा करा, ब्लॉक उघडा, आणि पांढरा साका दिसला तर धुण्याआधी त्याचे फोटो काढा.