डबा ना फुगलेला ना गंजलेला, आतला मासा मात्र सडका

एक स्टार, तोही शून्य देता येत नाही म्हणून. टूनाचे सहा डबे घेतले होते, पाच खाऊन झाले, काही तक्रार नव्हती. सहावा उघडला तर वास ठीकठाक, पण पहिल्याच घासाला मिरी चावल्यासारखी जीभ चुरचुरली आणि मी शहाणा, मसाला असेल म्हणून अजून तीन घास खाल्ले. डब्यावर फक्त टूना, तेल, मीठ लिहिलेलं! अर्ध्या तासात तोंड लालबुंद, डोकं ठणकायला लागलं, अंगभर खाज. डॉक्टर म्हणाले ही अ‍ॅलर्जी नाही, माशातलं हिस्टामिन, म्हणजे मासा सडताना त्यात तयार होणारं रसायन.

कस्टमर केअरचं उत्तर काय, तर बाकी कोणाची तक्रार नाही, डबा सीलबंद होता, प्रॉडक्ट सेफ आहे. आणि तोंड बंद करायला एक फ्री डबा पाठवून दिला.

आता यातली गंमत सांगतो, मलाही नंतर वाचून कळली. खराब डबा म्हणजे फुगलेला असं आपण धरून चालतो, पण फुगतो तो आत जंतू वाढून गॅस झाला तर. इथे मासा डब्यात जायच्या आधीच बर्फाविना पडून राहिलेला असतो, तेव्हाच जंतू हिस्टामिन करून ठेवतात. मग कारखान्यात १२१ डिग्रीच्या आसपास तापवलं की जंतू मरतात, हिस्टामिन तसंच राहतं. कोडेक्स म्हणजे अन्नाचे आंतरराष्ट्रीय नियम, त्यांच्या टूना स्टँडर्डमध्ये हिस्टामिन १०० ग्रॅममागे १० मिलीग्रॅमच्या वर गेलं की मासा सडका धरतात आणि २० ही आरोग्यासाठीची मर्यादा. त्यात एक मासा खराब, शेजारचा चांगला, त्यामुळे पाच डबे पचले याला काही अर्थ नाही, म्हणून तर तपासणीला एका लॉटमधले बरेच डबे फोडतात आणि गडबड निघाली की अख्खा लॉट अडकवतात.

तसंच झालं. पंधरा दिवसांनी सरकारी नोटीस दिसली, मासा सडका निघाला म्हणून अन्न सुरक्षा कायद्याखाली गोदामातला माल जप्त, खाली बॅच नंबर. रिकामा डबा रद्दीच्या पिशवीतून शोधून काढला (बायको बघतच राहिली), नंबर तोच. जप्ती केली ते बेस्टच, फुल मार्क, पण गोदामाला सील लागलं तरी लोकांच्या फडताळात गेलेल्या डब्यांचं काय? कंपनीकडून ना मेल ना फोन.

मग तो फ्री डबा पालथा करून बघितला. सेम बॅच.