निवासी शिबिर की वर्षभराची सोबत?

ऊसतोड कुटुंबांतल्या आणि पारधी वस्त्यांवरच्या १८ ते २५ वयाच्या मुलींना गावात पुढे येऊन बोलायला तयार करायचं, तर पाच दिवसांचं निवासी शिबिर पटकन उभं राहतं. तीसेक मुली, दोन प्रशिक्षक, मुक्कामाची जागा. घराबाहेर पहिली रात्र, हातात पहिला माईक, हे इथेच घडतं आणि त्याचं मोल मोठं आहे. पण दिवाळीनंतर ठेवलं तर ऊसतोडीच्या मुली फडावर गेलेल्या असतात. जून ते सप्टेंबर बरा. शिवाय घरी परतल्यावर लग्नाचा विषय निघतो, तेव्हा बाजूने बोलायला कुणी नसतं.

वर्षभराच्या सोबतीत एका ताईकडे, म्हणजे मार्गदर्शक कार्यकर्तीकडे, चारच मुली. दर पंधरा दिवसांनी भेट, तीही वस्तीवर. फोनवर विसंबू नये, तो बहुधा भावाकडे असतो. एका भेटीत एकच काम: आधी जातीच्या दाखल्याचा अर्ज, मग ग्रामसभेआधीच्या महिला सभेत एक प्रश्न, मग तोच प्रश्न भर ग्रामसभेत. महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा २०११पासून महिलांसाठी राखीव आहेत, म्हणून हा सराव पुढे थेट कामी येतो. ताई शक्यतो त्याच समाजातली हवी. तिला मानधन आणि प्रवासखर्च नसेल तर भेटी हळूहळू बंद पडतात.

पैसे एकापुरतेच असतील तर सोबत निवडा; सुरुवातीला दोन दिवसांचं छोटं शिबिर तिला जोडता येतं.