कॉर्डेलिया क्रूझ, मुंबई-गोवा: जहाज छान आहे, बॅग मात्र छोटीच न्या

कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या मुंबई-गोवा सफरीबद्दल जेवण कसं, शो कसे, स्विमिंग पूल केवढा हे सगळेच लिहितात, पण जायच्या आधी मला जो खरा प्रश्न पडला होता, की सामान किती न्यायचं, त्याचं धड उत्तर कुठे मिळालं नाही. म्हणून आधी तेच सांगते, बाकीचं नंतर. माणशी एक छोटी बॅग, म्हणजे विमानात डोक्यावरच्या कप्प्यात बसते तेवढी, आणि घरातल्या सगळ्यांची मिळून एक पाठीवरची सॅक. बास. दोन-तीन रात्रींच्या सफरीला याच्यावर काही लागत नाही आणि हे मी सासूबाई, नणंद, नवरा आणि दोन मुलं एवढं सगळं लटांबर घेऊन जाऊन आल्यावर सांगतेय.

एवढी छोटी का, याचं कारण जहाजातच आहे. या सफरीच्या जहाजाचं नाव एम्प्रेस, ते 1990 सालचं, फ्रान्समध्ये बांधलेलं, तेव्हा रॉयल कॅरिबियन या परदेशी क्रूझ कंपनीचं होतं आणि नाव होतं नॉर्डिक एम्प्रेस. ते बांधलंच मुळी तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी. आठवडाभर राहायला येणारी माणसं डोळ्यासमोर नव्हतीच, त्यामुळे खोल्या आटोपशीर, कपाट आटोपशीर, बाथरूम आटोपशीर, आणि बसायला-फिरायला जागा सगळी बाहेर, म्हणजे डेकवर, थिएटरमध्ये, मधल्या उंच चौकात. कॉर्डेलियाने हेच जहाज घेऊन सप्टेंबर 2021 मध्ये मुंबईहून सफरी सुरू केल्या. मला ही रचना मनापासून आवडली, कारण खोलीत आपण फक्त झोपायला आणि आंघोळीला जातो. पण ज्यांनी हॉटेलच्या रूमचा हिशोब करून मोठमोठ्या ट्रॉल्या आणल्या त्यांचे खोलीत पाय ठेवायचे वांधे.

आम्ही चौघं एका खोलीत होतो, आई (म्हणजे सासूबाई) आणि नणंद शेजारच्या खोलीत. चौघांच्या खोलीत खाली दोन पलंग आणि भिंतीतून उघडणाऱ्या दोन वरच्या बर्थ, रेल्वेच्या स्लीपरसारख्या. दिवसा त्या बर्थ भिंतीला लागून बंद असतात तेव्हा खोली बरी मोकळी वाटते. रात्री त्या उघडल्या की चढायला शिडी लागते, आणि शिडी जिथे टेकते नेमकी तिथेच माणूस आपली उभी बॅग ठेवून मोकळा झालेला असतो, कारण दुसरी जागाच नाही. त्यात अंधारात पोरगं सू-सूला उतरलं की थेट बॅगेवर पाय. म्हणून बॅग मऊ कापडाची घ्या, डफल टाइप. पोहोचल्या पोहोचल्या कपडे कपाटात आणि ड्रॉवरमध्ये लावून टाकायचे, एक बॅग दुसरीच्या पोटात घालायची आणि ती पलंगाखाली सरकवायची. कडक प्लास्टिकच्या ट्रॉलीचं हे होत नाही, ती रिकामी असली तरी तेवढीच जागा खाते.

आता एजंटने दिलेल्या यादीबद्दल. आम्ही ज्याच्याकडून बुकिंग केलं (नाव लिहीत नाही) त्याने व्हॉट्सॅपवर "क्रूझ पॅकिंग लिस्ट" म्हणून एक लांबलचक मेसेज पाठवला होता, त्यात छोटी इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, सुगंधी मेणबत्ती असलं सगळं. मी वाचूनच वैतागले. अहो, जहाजावर सगळ्यात मोठी भीती आगीची असते, त्यामुळे इस्त्री-किटलीसारख्या तापणाऱ्या आणि मेणबत्तीसारख्या पेटणाऱ्या वस्तू क्रूझवर सहसा खोलीत चालत नाहीत, स्कॅनिंगला निघाल्या की काढून ठेवतात. सुरी-चाकू नाही, बाहेरची दारू नाही. लोकांच्या पैशावर कमिशन घेता तर निदान जहाजाचे नियम एकदा वाचून यादी पाठवा ना. आमच्या नणंदेने त्या यादीप्रमाणे किटली काढून ठेवलीच होती, आईंना सकाळी उठल्या उठल्या गरम पाणी लागतं म्हणून. मी ती परत कपाटात ठेवायला लावली. गरम पाणी वर मिळतंच, आणि कर्मचारी इतके चांगले होते की एकदा सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी आईंना विचारून आणून दिलं. त्या मुलांचं खरंच कौतुक वाटतं, दिवसभर हसतमुख.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सॅकची, ती नीट समजून घ्या. बॅलार्ड पिअरला आता नवीन क्रूझ टर्मिनल झालंय, सीएसएमटीहून टॅक्सीने अगदी जवळ. तिथे आत शिरल्यावर सॅक सोडून बाकी बॅगांना खोली नंबरचा टॅग लावून त्या आपल्याकडून घेतात, त्यांचं वेगळं स्कॅनिंग होतं आणि मग त्या परस्पर खोलीच्या दाराशी येतात. हे फार सोयीचं आहे, ओझं ओढावं लागत नाही. पण बॅग तुमच्याबरोबर येत नाही, नंतर येते, आणि शेकडो लोकांच्या बॅगा असतात त्यामुळे वेळ लागणारच. तेवढ्या वेळात जे जे लागेल ते सॅकमध्ये पाहिजे. सगळ्यांची ओरिजिनल ओळखपत्रं, मुलांची पण. औषधं सगळीच्या सगळी, बीपीची, शुगरची, थोडी नव्हे, पूर्ण सफरीची. चार्जर, चष्मा, पैसे, एक हलकी शाल. आणि मुलांचे पोहण्याचे कपडे. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, कारण जहाजात चढलं की पोरं पाचव्या मिनिटाला वरच्या डेकवरचा पूल बघतात आणि मग बॅग येईपर्यंत जी भुणभुण चालते ती सहन होत नाही. आमची दोघं सॅकमधून कपडे काढून सरळ पाण्यात, आणि आजूबाजूची चार-पाच पोरं काठावर तोंड पाडून उभी. पूलमध्ये नायलॉनचा पोहण्याचा पोशाखच लागतो, सुती टीशर्ट-बर्मुडा चालत नाही, मोठ्यांना पण. ज्यांना उतरायचंय त्यांनी तो आधीच घेऊन ठेवा.

सामान कमी असण्याचा अजून एक फायदा म्हणजे जहाज सुटतं तेव्हा तुम्ही खोलीत कपडे लावत बसत नाही. संध्याकाळी धक्का सुटला की लगेच वर डेकवर जायचं. एका बाजूला गेटवे आणि ताज, दुसऱ्या बाजूला लांबवर उरणचा किनारा, मग हळूहळू कुलाब्याचं टोक आणि प्राँग्सचं दीपगृह मागे पडतं. मुंबईत जन्म गेला पण मुंबई पाण्यातून अशी बघितली नव्हती. आई रेलिंगला धरून उभ्या होत्या, त्यांना त्यांच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या बोटी आठवल्या, वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन जायचे म्हणाल्या, आणि ट्रंकेवरच बसून प्रवास.

कपड्यांचं म्हणाल तर दिवसाला एक जोड, एक जास्तीचा, आणि संध्याकाळी घालायला एकच चांगला ड्रेस. एकच. रोज रात्री नवा पार्टीवेअर पाहिजे हे डोक्यातून काढून टाका, कोणी बघत नाही, सगळे आपापल्या फोटोत गुंग. डेकवर वारा भयंकर असतो, घेरदार फ्रॉक आणि मोकळा पदर दोन्ही सांभाळता सांभाळता पुरेवाट होते, आईंनी पहिल्या संध्याकाळीच साडीला तीन-चार पिना जास्त लावल्या. आणि बाहेर उकडत असलं तरी आत एसी कडक, थिएटरमध्ये तर मी शालीत गुरफटून शो बघितला (शो फारच सुंदर होते, नाच आणि जादू दोन्ही, मुलं अजून त्या जादूगाराबद्दल बोलतात). म्हणून माणशी एक शाल किंवा पातळ जॅकेट हवंच. चपला दोन जोड, एक ओल्या डेकवर न घसरणारी फ्लोटर टाइप आणि एक जरा बरी. हील्स घरी ठेवा, जहाज हलतं.

हलण्यावरून आठवलं, बोट लागते का हा प्रश्न सगळे विचारतात. जहाज मोठं आहे, लाँचसारखं गदगद हलत नाही, पण रात्री खुल्या समुद्रात जाणवतं. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून एवोमिन ही उलटीवरची गोळी बरोबर ठेवा, आणि ती उलटी व्हायला लागल्यावर नाही तर आधी घ्यायची असते. आमच्याकडे आलेपाकाच्या वड्यांचं पाकीट होतं. बुकिंगच्या वेळी खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यावरची खोली मागितली तर हलणं सगळ्यात कमी लागतं, टोकाच्या खोल्या जास्त हलतात.

खाऊ! मराठी माणूस चिवडा-चकली-लाडू घेतल्याशिवाय घर सोडत नाही हे मला मान्य आहे, आमच्याकडे पण आईंनी बेसनाचे लाडू करायला घेतले होते. पण बाहेरचं खाणं जहाजावर नेऊ देत नाहीत आणि गरज तर अजिबातच नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत काही ना काही चालूच असतं, शाकाहारी भरपूर, जैन पण वेगळं मिळतं. स्टारलाइट या जहाजावरच्या रेस्टॉरंटमध्ये बसून शांतपणे जेवायला मजा येते, फूड कोर्टला गर्दी होते पण प्रकार जास्त. डाळ-भात आम्हाला घरच्यासारखा वाटला, गोड पदार्थ अप्रतिम. तान्हं बाळ असेल तर त्याच्या खाण्याचं तेवढं बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा.

दोन छोट्या वस्तू मात्र न्याच, वजन काहीच नाही आणि उपयोग प्रचंड. एक, चुंबकाचे हुक. खोलीच्या भिंती आतून स्टीलच्या असतात, त्यांना हे हुक पटकन चिकटतात, मग ओले कपडे, टोप्या, सॅक, खोलीच्या कार्डाची दोरी सगळं भिंतीवर जातं आणि टेबल मोकळं राहतं. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात. दुसरं म्हणजे तीन-चार यूएसबी तोंडांचा चार्जर, कारण जुनं जहाज, प्लग मोजके, आणि चौघांचे फोन. फोन समुद्रात फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला जोडला गेला तर बिल भलतंच येऊ शकतं. मुलांसाठी काय ते आधीच डाउनलोड करून ठेवा.

गोव्याला जहाज मुरगाव बंदरात लागतं, म्हणजे वास्कोला, पणजी तिथून साधारण तीस किलोमीटर. वेळ बेताचाच असतो, त्यामुळे कलंगुट-बागाच्या नादाला न लागता आम्ही जवळच बोगमाळोच्या किनाऱ्यावर गेलो आणि पोटभर मासे खाऊन परत आलो. उतरताना बरोबर फक्त सॅक, बाकी बॅगा खोलीत. जे लोक गोव्यातच उतरून पुढे राहणार होते त्यांचं वेगळं, त्यांना सगळं सामान घेऊन बंदराबाहेर येऊन टॅक्सी बघायची होती, तिथे तर छोट्या बॅगेचं महत्त्व अजूनच कळतं. शेवटच्या सकाळी मुंबईला पण तेच, सगळे एकाच वेळी निघतात, लिफ्टसमोर ट्रॉल्यांची रांग. एक जोडपं तीन मोठ्या ट्रॉल्या घेऊन उभं होतं, लिफ्ट यायची, आत माणसंच भरलेली असायची आणि दार परत बंद व्हायचं. आम्ही आपापली बॅग खांद्याला लावून जिन्याने उतरलो, आई सुद्धा, त्यांची बॅग पोराने घेतली.

लक्षद्वीपची सफर घेणार असाल तर हेच सामान, फक्त तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या होडीत उतरून बेटावर जावं लागतं आणि शिंतोडे उडतात, म्हणून फोन-पाकीट ठेवायला एक पाणी न शिरणारी पिशवी आणि लवकर वाळणारे कपडे. पावसाळ्यात जहाज चेन्नईच्या बाजूला जातं, तिथून श्रीलंकेची सफर असली तर आधार कार्ड चालणार नाही, पासपोर्ट पाहिजे आणि तो सॅकमध्येच, टॅग लावून दिलेल्या बॅगेत चुकूनही नको. नणंद आता तिच्या ग्रुपबरोबर सिंगापूरहून निघणारी क्रूझ करायचं म्हणतेय. तिथे आधी विमानाच्या वजनाची मर्यादा बघावी लागेल, शिवाय मोठ्या जहाजांवर बरेचदा शेवटच्या रात्रीच बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात, तेव्हा सकाळचे कपडे आणि ब्रश बाहेर काढूनच बॅग बंद करायची, एवढं मी तिला आत्ताच सांगून ठेवलंय.