ड्युरामॅक्स: मूळ फिल्टर की बाहेरचा लिफ्ट पंप-फिल्टर संच?

अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या 2011 ते 2016 च्या 6.6 लिटर ड्युरामॅक्स डिझेल इंजिनाच्या पिकअपमध्ये कंपनीचा लिफ्ट पंपच (टाकीतून इंधन पुढे ढकलणारा पंप) नाही. सीपी4 हा इंजिनाचा उच्च दाबाचा पंप टाकीतून इंधन स्वतः ओढतो आणि सुमारे 2,000 बार दाब देतो. तो झिजला की धातूचा चुरा थेट इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोहोचतो, आणि दुरुस्तीचा खर्च कंबरडं मोडतो. बाहेरचा संच पाणी नि हवा आधीच वेगळी करून दाबाने इंधन पुरवतो. या गाड्यांना मी तोच बसवेन.

2017 पासून टाकीतच लिफ्ट पंप आला. म्हणून या गाड्यांची वॉरंटी शिल्लक असेल, तर मूळ फिल्टर वेळेवर बदलणंच बरं. अमेरिकेच्या 1975 च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार नुसता बाहेरचा भाग बसवला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही, बिघाड त्यानेच झाला हे कंपनीने दाखवायचं असतं. पण त्या वादात गाडी अडकून पडू शकते. फिल्टरची बिलं जपाच.